माशीला हजार गुलाब दिसत नाहीत हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा, फक्त भीमाशंकरचा भाग तेवढा कापू नका ही आधीच विनंती.

माझं राजगुरुनगरला चष्म्याचं दुकान आहे, पंचवीस वर्षं तेच करतोय, नंबर काढायचा, काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, आणि गिऱ्हाईक "डोकं दुखतंय" म्हणत परत आलं की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या रविवारच्या मुलांच्या पानावर गेल्या महिन्यात माशीच्या डोळ्यावर एक चौकट आली होती. एका गुलाबाचा फोटो षटकोनी खणांमध्ये शेकडो वेळा छापलेला आणि खाली ओळ, की माशीला जग असं दिसतं, एकाच वस्तूची हजारो चित्रं. वर शेवटी असंही की इतका गुंतागुंतीचा डोळा हळूहळू घडणं शक्यच नाही, तो पहिल्यापासून असाच असणार. माझी भाची दहावीला आहे, तिने ती चौकट कापून प्रोजेक्टच्या चार्टवर चिकटवली आणि दुकानात येऊन मला विचारलं, "मामा, मग माशी यातल्या नक्की कुठल्या गुलाबावर बसते?"

बघा ना, पोरीला जे सुचलं ते छापणाऱ्याला सुचलं नाही. हजार गुलाब दिसत असते तर माशी आयुष्यभर भलत्याच गुलाबावर आदळत बसली असती.

आधी ती हजार चित्रांची गोष्ट कुठून आली ते सांगतो, कारण ती अगदीच हवेतली नाहीये. 1665 साली रॉबर्ट हुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली माशीचं डोकं बघून चित्र काढलं आणि दोन्ही डोळ्यांचे मिळून चौदा हजारांच्या आसपास मणी मोजले. मग त्याच शतकाच्या शेवटी हॉलंडच्या लेवेनहुक यांनी कीटकाच्या डोळ्याचं वरचं पारदर्शक साल काढून त्यातून मेणबत्तीची ज्योत पाहिली, तर त्यांना खूप साऱ्या छोट्या उलट्या ज्योती दिसल्या. आता हे खरंच आहे, प्रत्येक मणी म्हणजे भिंग, आणि भिंग म्हटलं की त्याच्या मागे प्रतिमा पडणारच, माझ्या दुकानातल्या ट्रेमध्ये पन्नास लेन्सा ठेवल्या तर पन्नास ट्यूबलाइट दिसतात. पण त्यांनी पाहिलं ते सालातून, माशीने पाहिलं का तसं? भिंगामागे काय बसलंय ते महत्त्वाचं. मधमाशीच्या डोळ्यात एका भिंगामागे आठ-नऊ पेशी असतात आणि त्या सगळ्या मिळून मधोमध एकच बारीक दांडी बनवतात, त्या दांडीच्या टोकावर जो काय प्रकाश पडला तो आत गेल्यावर सगळा एक होतो. एक भिंग आणि त्यामागच्या पेशी मिळून एक कप्पा, आणि त्या कप्प्याकडून मेंदूला चित्र जातच नाही, जातो एक ठिपका, इथे उजेड किती आणि कुठल्या रंगाचा, संपलं. कामकरी मधमाशीच्या एका डोळ्यात असे पाचेक हजार कप्पे, मोठ्या चतुरात अठ्ठावीस-तीस हजार, केळ्यावरच्या चिलटात साडेसातशे-आठशे. हजार कप्पे मिळून हजार ठिपके, आणि हजार ठिपके मिळून एक चित्र. आपल्या मोबाइलच्या स्क्रीनसारखं.

भाचीला हे तोंडी पटेना म्हणून आम्ही रसवंतीवाल्याकडून स्ट्रॉचा एक अख्खा पुडा आणला, सगळ्या स्ट्रॉ सरळ एकत्र धरून रबरबँड मारला आणि एका टोकाला बटर पेपर ताणून लावला. दुसरं टोक खिडकीकडे करून तिने समोर अगदी जवळ हात धरला, तर कागदावर हाताची काळी सावली, खडबडीत, ठिपक्या-ठिपक्यांची, पण एकच हात आणि तोही सुलटा. प्रत्येक स्ट्रॉमध्ये अख्खा हात कुठेच नव्हता. पंधरा मिनिटांचं काम आणि खर्च फक्त पुड्याचा, तुम्ही त्या पानावर हे छापलं असतं तर किती पोरांनी करून पाहिलं असतं.

अजून पक्का पुरावा हवा तर व्हिएन्नाचे सिग्मंड एक्सनर. त्यांनी काजव्याच्या डोळ्यातून चक्क फोटो काढला, आणि 1891 च्या त्यांच्या पुस्तकात तो छापलाय. त्यात खिडकी दिसते, काचेवर चिकटवलेलं अक्षर दिसतं आणि पलीकडे चर्च दिसतं. एक खिडकी, एक चर्च. काजवा, रात्रीचे पतंग यांच्या डोळ्याची रचना मधमाशीपेक्षा वेगळी असते, त्यांच्यात भिंगं आणि आतला पडदा यांच्यामध्ये मोकळी जागा असते आणि शेकडो भिंगं मिळून एकाच ठिकाणी प्रकाश टाकतात, म्हणून अंधारात त्यांना जास्त उजेड मिळतो. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गाड्या भरभरून जातात लोक, त्यांनी कधी विचार केला नसेल की समोरच्या झाडावरच्या त्या टिचभर जिवाच्या डोळ्यातून सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कोणी फोटो काढला होता.

हा, माशीचं म्हणाल तर त्यात एक गंमत आहे आणि ती लपवली तर मीही तुमच्या चौकटीसारखाच होईन. माशीच्या कप्प्यात पेशी एकत्र होत नाहीत, सुट्या राहतात, त्यामुळे एका भिंगामागे एकाऐवजी सात ठिपके. म्हणजे थोडं तरी चित्र? नाही, कारण शेजारशेजारच्या सहा कप्प्यांतली ज्या-ज्या पेशीची नजर बाहेर एकाच बिंदूवर आहे त्या सगळ्यांच्या तारा आत जाताना पिळा घेऊन एकाच जागी जोडल्या जातात. कुनो किर्शफेल्ड यांनी 1967 मध्ये हे मांडलं. सहा शेजाऱ्यांनी एकच बातमी सांगितली की ती पक्की, तसा प्रकार. उजेड सहापट मिळतो आणि चित्र बिघडत नाही.

आता माझ्या धंद्याचा हिशोब. 6/6 म्हणजे काय तर सहा मीटरवरून अक्षराची एक रेघ एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी दिसते आणि ती तुम्हाला ओळखता येते. मधमाशीचे शेजारचे दोन कप्पे एकमेकांपासून साधारण एक अंश फिरलेले असतात. म्हणजे ढोबळमानाने साठपट वाईट, 6/360. माझ्या चार्टवरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर, जे आजोबा लोकही चष्मा न लावता वाचतात, ते मधमाशीला एक मीटरवर आल्यावर कसंबसं लागेल. बरं मग तिने भिंगं बारीक करून जास्त का नाही बसवली, तर प्रकाश स्वतःच आडवा येतो, भिंग फार बारीक केलं की त्यातून जाताना प्रकाश पसरतो आणि ठिपका फिसकटतो. भिंगंही मोठी पाहिजेत आणि संख्याही जास्त पाहिजे, मग डोळाच मोठा. माणसासारखं बारीक दिसायला असा कप्प्याकप्प्यांचा, म्हणजे संयुक्त, डोळा कमीत कमी मीटरभर व्यासाचा लागेल असा हिशोब शास्त्रज्ञांनी केलाय. मीटरभराचा डोळा! त्याची फ्रेम मी कुठून आणू.

पण बारीक दिसत नाही म्हणून कमी लेखू नका. आपल्याला सेकंदाला साठेक वेळा लुकलुकणारा दिवा सलग वाटतो, माश्यांची मजल दोनशेच्या पुढे जाते. जुनी चोकवाली ट्यूब आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या लाइटवर सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, आपल्याला पत्ता नसतो, माशी मात्र ती लुकलुक बघत घरात फिरत असते. तुम्ही पेपरची गुंडाळी उगारता ती तिला फार सावकाश येताना दिसते, म्हणून तर ती सापडत नाही (गुंडाळी तुमच्याच पेपरची असते, राग नसावा).

आणि अँटीग्लेअर. गिऱ्हाइकांना मी पाचशे रुपये जास्त घेऊन कोटिंगवाली काच विकतो. पतंगांना तेच काम फुकट, रात्रीच्या पतंगांच्या भिंगावर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक उंचवट्यांची दाटी असते, त्यामुळे प्रकाश फारसा परत फिरत नाही, जवळजवळ सगळा आत जातो, आणि डोळा चमकून पाखराला सापडत नाही.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, "हळूहळू घडणं शक्यच नाही". खरं तर मला याचाच जास्त राग आलाय. कारण तो डोळा हळूहळू, ओळीओळीने घडताना लोकांनी प्रत्यक्ष पाहिलाय, तोही आपल्या केळ्यावरच्या चिलटात, एकाच जिवाच्या वाढीत; पिढ्यानपिढ्या कसा घडत आला ते त्याच्यानंतर सांगतो.

चिलटाची अळी असते ना, तिला डोळे नसतात म्हणजे असे मोठे नसतात, पण तिच्या आत पुढच्या माशीचे अवयव छोट्या चपट्या पिशव्यांसारखे तयार ठेवलेले असतात, पायाची पिशवी, पंखाची पिशवी, डोळ्याची पिशवी. अळी मोठी झाली की डोळ्याच्या पिशवीत मागच्या टोकाला एक चर पडतो आणि तो पुढे सरकायला लागतो, शेतात नांगराचं तास पडतं ना तसं. चराच्या पुढे सगळ्या पेशी सारख्या, कोण कुठे काही ठरलेलं नाही. चर वरून गेला की मागे शिस्तीत ओळी. दीड-दोन तासाला एक ओळ, आणि दोनेक दिवसांत अख्खा डोळा आखून होतो. आधीच्या ओळीच्या बरोबर मधे पुढच्या ओळीचा ठिपका, आपण दारात ठिपक्यांची रांगोळी काढतो त्यात दोन ठिपक्यांच्या मधे खालचा ठिपका देतो तसंच, म्हणून तर षटकोन होतात. ठिपका म्हणजे एक पेशी, तिला आठ नंबरची म्हणतात पण येते सगळ्यात आधी. ती शेजारणींना सांगते तुम्ही माझ्यासारख्या होऊ नका, आणि मग जवळच्यांना एकेक करून कामाला लावते, दोन आणि पाच, मग तीन आणि चार, मग एक आणि सहा, आणि शेवटी सात. कोणाचीही जात जन्मापासून ठरलेली नाही, शेजारी कोण आहे त्यावरून ठरतं. 1976 मध्ये अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्या लॅबमधून हे ओळीचं काम छापून आलं (आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी याच बेंझरांबरोबर चिलटांवर काम करून आले होते, त्यांनी पुढे मुंबईत चिलटांच्या वास-चवीवर काम उभं केलं, हे जाता जाता).

त्या सात नंबरच्या पेशीची गोष्ट तर मी दुकानात येईल त्याला सांगतो. ती अतिनील प्रकाश ओळखते. काही चिलटांमध्ये ती नसतेच, त्या जीनचं नावच ठेवलं सेव्हनलेस, सातवीविना. नंतर कळलं की आठ नंबरकडून सातला एक निरोप यावा लागतो, तो निरोप देणाऱ्या जीनला त्यांनी नाव दिलं ब्राइड ऑफ सेव्हनलेस, म्हणजे सेव्हनलेसची नवरी, आणि पुढच्या साखळीत सन ऑफ सेव्हनलेस, पोरगा पण झाला. शास्त्रज्ञ पण काय माणसं असतात. पण मुद्दा हा की निरोप नाही मिळाला तर ती पेशी मरत नाही, ती भिंग घडवणारी पेशी होते. बघणारी व्हायची ती माझ्या धंद्यात येते! आणि निरोपाची हीच साखळी माणसाच्या पेशीतही आहे, तिथे बिघडली की कॅन्सर होऊ शकतो, म्हणून चिलटाच्या डोळ्यावर एवढा पैसा आणि एवढी वर्षं लोकांनी घातली.

आता एक जरा आतलं सांगतो. आमच्याकडे पूर्वी एक मुलगा यायचा, आई घेऊन यायची, उन्हात डोळे उघडायचाच नाही. मी बॅटरीने पाहिलं तर डोळ्यातला रंगीत पडदा जवळजवळ नव्हताच, नुसतं काळं. माझं काम नव्हतं ते, मी पुण्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं, नंतर गडद काचांचा चष्मा मात्र माझ्याकडूनच करून नेला. अॅनिरिडिया म्हणतात त्याला, आणि बहुतेक वेळा तो पॅक्स-सिक्स नावाच्या जीनच्या दोनपैकी एक प्रत बिघडल्यामुळे होतो. आणि चिलटात 1915 साली मिल्ड्रेड होग यांनी डोळे नसलेली किंवा अगदी बारकी राहिलेली चिलटं नोंदवली होती, त्या जीनला आयलेस म्हणतात. जवळजवळ ऐंशी वर्षं या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कोणाला माहीत नव्हतं. 1994 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या लॅबने दाखवलं की आयलेस म्हणजे चिलटाचा पॅक्स-सिक्सच. पुढच्या वर्षी त्यांनी तो जीन चिलटाच्या पायात, पंखात, मिशीत चालू केला तर तिथे डोळे आले, लाल, भिंगांसकट. मग उंदराचा जीन घालून पाहिला, तरी डोळे आले, पण उंदराचे नाही, चिलटाचेच, षटकोनी भिंगांचे. जीन फक्त बटण आहे, "इथे डोळा कर" एवढंच सांगतो, कसला करायचा ते ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने. त्या पोराचा डोळा आणि केळ्यावरच्या चिलटाचा डोळा यांचं बटण एकाच फार जुन्या पूर्वजाकडून आलंय. त्या पूर्वजाकडे काही भिंगं-बिंगं नसतील, उजेड-अंधार कळणारा एखादा डाग असेल, पण बटण होतं. भिंगं पुढे ज्याने त्याने आपापली घडवली. काही शिंपल्यांच्या कडेला आणि समुद्रातल्या काही नळीत राहणाऱ्या किड्यांतही संयुक्त डोळे आहेत, ते कीटकांच्या डोळ्यांपासून नाही आले, वेगळे घडलेत. जे शक्यच नाही म्हणता ते एकदा नाही, अनेकदा झालंय.

जुने डोळे दगडात सापडतातही. एस्टोनियात एका त्रिखंडी प्राण्याचा, ट्रायलोबाइटचा, डोळा 2017 मध्ये तपासला, साधारण 53 कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात शंभरेक कप्पे, एकमेकांपासून सुटे-सुटे, आणि नीट भिंगंसुद्धा दिसत नाहीत. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर अॅनोमॅलोकॅरिस नावाच्या शिकारी प्राण्याचा डोळा सापडला, साडे-एक्कावन्न कोटी वर्षांचा, त्यात निदान सोळा हजार भिंगं. म्हणजे शिकार करणाऱ्याचा डोळा तेव्हाच चतुराच्या पंगतीत बसणारा होता. पुढच्या काळातल्या ट्रायलोबाइटांची भिंगं तर कॅल्साइटची, दगडाची! कॅल्साइटमधून बघितलं की एकाची दोन दिसतात, पण एका विशिष्ट दिशेने बघितलं तर दिसत नाहीत, आणि यांच्या भिंगात स्फटिक त्याच दिशेने बसलेला. सिलिंडरच्या नंबराचा अॅक्सिस, म्हणजे काच बसवायचा कोन, दोन अंश चुकला तरी माझ्याकडे गिऱ्हाईक भांडायला येतं, म्हणून मला याचं फार कौतुक.

आता भीमाशंकर. आमच्या इथून एसटीने जाताना वाटेत कोणी उतरत नाही, सगळे ज्योतिर्लिंगाला आणि शेकरू दिसला तर दिसला म्हणून जातात. त्याच जंगलात हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस या आपल्याकडच्या शास्त्रज्ञ आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचे एरिक वॉरंट, आल्मुट केल्बर यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांवर काम केलं. तिथे एक जात फक्त दिवसा उडते, एक बहुतेक दिवसाच पण कधीमधी संधिप्रकाशातही, आणि एक चक्क रात्री, अमावस्येलासुद्धा. या रात्रीच्या भुंग्याचा डोळा काजव्यासारखा नाही, मधमाशीसारखा आहे, एका भिंगाचा उजेड एकाच दांडीला, म्हणजे हिशोबाने रात्री आंधळाच पाहिजे. पण त्याची भिंगं मोठी, आतल्या दांड्या जाड, आणि 2008 मध्ये त्यांनी छापलं की नुसत्या चांदण्यांच्या उजेडात हा भुंगा घरट्याजवळच्या रंगीत खुणा रंगावरून ओळखतो. आपल्याला त्या उजेडात लाल काय निळं काय, सगळं राखाडी. म्हणजे दिवसाचा डोळा रात्रीच्या कामाला वळवण्याचं काम अजून चालूच आहे, तेही आपल्या तालुक्यात, आणि आपल्या पेपरात छापून काय येतं, तर पहिल्यापासून असाच असणार.

माझं मागणं एवढंच की त्याच पानावर, त्याच जागी, तीन ओळींची दुरुस्ती छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको कारण मुलं ते पान बघतात. फोटो पाहिजे असेल तर माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात दुकानाच्या शटरवर तो हात जोडून बसणारा हिरवा किडा आला होता, त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो आणि तुम्ही डावीकडे गेलात की तो डावीकडे येतो, उजवीकडे गेलात की उजवीकडे, जणू तुमच्यावरच नजर ठेवलीये. ते बुबुळ नव्हे, जे कप्पे नेमके तुमच्या दिशेला आहेत ते तुमच्याकडून गेलेला प्रकाश गिळतात म्हणून तेवढेच काळे दिसतात. भाचीने मोबाइलवर तीन बाजूंनी तीन फोटो काढले, तिन्हीत तो तिच्याकडेच बघतोय. गुलाबाची चौकट चार्टवरून काढताना कागद फाटला, तिथे तिने हे तीन फोटो चिकटवलेत.

कळावे,
आपला एक वाचक,
राजगुरुनगर